धातूचा अणू किती जड, हे मोजतात कसं? मांडव्याच्या किनाऱ्यावरून समजून घ्या

गेटवेहून किंवा भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट मांडवा जेट्टीला लागते, तेव्हा प्रवाशांना तिचा पाण्यावरचा भाग तेवढा दिसतो. पाण्याखाली मात्र एक झटापट सतत सुरू असते. समुद्राचं खारं पाणी पोलाद खातं. म्हणून खाऱ्या पाण्यात फिरणाऱ्या पोलादी बोटींच्या तळाला जस्ताचे किंवा ॲल्युमिनिअमचे ठोकळे बसवतात. पोलादाऐवजी हे ठोकळे झिजतात आणि बोट वाचते. ठोकळा संपत आला की नवा बसवायचा.

पण ठोकळा किती दिवस पुरेल, हे आधीच कसं कळतं? त्याचा हिशेब कागदावर मांडता येतो. एक किलो शुद्ध जस्त पूर्ण विरघळलं, तर त्यातून १ ॲम्पिअरचा प्रवाह सुमारे ८२० तास, म्हणजे ३४ दिवस मिळू शकतो. प्रत्यक्षात थोडा कमी मिळतो. ॲल्युमिनिअमच्या एक किलोतून हाच आकडा जवळपास २,९८० तासांवर जातो.

हा फरक येतो तो दोन गोष्टींमुळे. त्या धातूचा अणू किती जड आहे आणि विरघळताना तो किती इलेक्ट्रॉन सोडतो. जस्ताचं सापेक्ष अणुवस्तुमान ६५.३८, ॲल्युमिनिअमचं २६.९८. शाळेतल्या आवर्तसारणीत हे आकडे छापलेले असतात आणि आपण ते पाठ करतो. पण अणू डोळ्यांना दिसत नाही, तराजूत मावत नाही, मग हे आकडे आले कुठून? आणि अलिबाग तालुक्यातल्या एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेत ते पुन्हा मोजून बघता येतील का?

उत्तर आहे, हो. मात्र त्यात एक अडचण आहे. ती सोडवायला एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञांना कित्येक दशकं लागली.

सापेक्ष अणुवस्तुमान म्हणजे नेमकं काय?

मॅग्नेशिअमच्या एका अणूचं वस्तुमान सुमारे ०.००००००००००००००००००००००४ ग्रॅम भरतं. दशांश चिन्हानंतर २२ शून्यं आणि मग ४. अशा आकड्यांनी रोजचे हिशेब करणं अशक्य. म्हणून एक अणू दुसऱ्याच्या तुलनेत किती पट जड, एवढंच सांगायची पद्धत पडली. 'सापेक्ष' या शब्दाचा अर्थ इथे 'तुलनेतला' असा आहे. त्यामुळे या आकड्याला ग्रॅम-किलोसारखं एकक नसतं.

तुलना कशाशी करायची, हे मात्र काळानुसार बदलत गेलं. जॉन डाल्टनने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हायड्रोजनचा अणू १ धरला. पुढे ऑक्सिजन १६ धरण्याची पद्धत आली. १९६१ पासून जगभर एकच माप चालतं. कार्बन-१२ या अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग म्हणजे १. या मापाने हायड्रोजन १.००८, मॅग्नेशिअम २४.३०५ आणि जस्त ६५.३८.

मराठीत यासाठी दोन शब्द दिसतील. जुन्या पुस्तकांत 'अणुभार', तर आताच्या पाठ्यपुस्तकांत 'अणुवस्तुमान'. अर्थ एकच. 'अणुवस्तुमानांक' हा शब्द मात्र वेगळा. तो अणूच्या केंद्रकातल्या प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची एकूण संख्या सांगतो आणि नेहमी पूर्णांकच असतो.

एकही अणू न पकडता त्याचं वस्तुमान कसं कळतं?

समजा, एका पोत्यात नारळ आहेत आणि दुसऱ्यात सुपाऱ्या. दोन्ही पोत्यांतली संख्या सारखी आहे, एवढंच माहीत आहे. आता दोन्ही पोती तोला. नारळाचं पोतं सुपारीच्या पोत्यापेक्षा जितके पट जड, तितक्या पट एक नारळ एका सुपारीपेक्षा जड. एकही नग मोजावा लागला नाही.

अणूंच्या बाबतीत हेच करतात. सारखी संख्या मिळवायचं काम रासायनिक अभिक्रिया करते. मॅग्नेशिअम, जस्त, लोखंड यांसारखे धातू विरल आम्लात टाकले की ते विरघळतात आणि हायड्रोजन वायू बाहेर पडतो. ठरावीक धातूच्या अणूंमागे ठरावीकच हायड्रोजनचे अणू सुटतात. म्हणजे धातू तोलायचा, सुटलेला हायड्रोजन मोजायचा आणि दोन्हींचं गुणोत्तर काढायचं.

हायड्रोजन तोलणं अवघड असतं, कारण तो फारच हलका. पण त्याचं आकारमान मोजता येतं. तापमान आणि दाब माहीत असले की आकारमानावरून वस्तुमान निघतं. ०° सेल्सिअस आणि ७६० मिलिमीटर पारा या दाबाला २.०१६ ग्रॅम हायड्रोजन २२,४१४ मिलिलिटर जागा व्यापतो. म्हणजे १.००८ ग्रॅमला ११,२०७ मिलिलिटर.

प्रयोगात काय काय करतात?

या प्रयोगासाठी मॅग्नेशिअम सोयीचं. ते फितीच्या रूपात मिळतं आणि आम्लात झटपट विरघळतं. योगायोगाने हा धातू मांडव्याच्या समोरच्या पाण्यातही आहे. सर्वसाधारण समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशिअम क्षाररूपात असतं. मिठागरात मीठ काढून घेतल्यावर उरणाऱ्या पाण्याची कडवट चव येते, ती मुख्यतः याच क्षारांची.

प्रयोग साधारण असा होतो:

• फितीचा छोटा तुकडा काचकागदाने घासून चकचकीत करतात. वर जमलेला ऑक्साइडचा पांढुरका थर निघाला पाहिजे. मग तो तोलतात.

• तुकडा तांब्याच्या बारीक तारेत गुंडाळतात. तांब्याची विरल हायड्रोक्लोरिक आम्लाशी अभिक्रिया होत नाही, त्यामुळे तार नुसती धरून ठेवायचं काम करते.

• एका टोकाला बंद असलेल्या, खुणा केलेल्या लांब काचनळीत आधी थोडं आम्ल घालतात. त्यावर हळूच, काठाने पाणी सोडत नळी तोंडापर्यंत भरतात.

• तारेतला तुकडा नळीच्या तोंडाशी अडकवून, तोंड झाकून नळी पाण्याच्या भांड्यात उलटी उभी करतात. आम्ल पाण्यापेक्षा जड असल्याने खाली सरकतं आणि धातूपर्यंत पोहोचतं. बुडबुडे सुरू होतात.

• धातू पूर्ण संपला की नळी थंड होऊ देतात. मग ती खोल भांड्यात वर-खाली करून आतली आणि बाहेरची पाण्याची पातळी एक करतात. आता आतला दाब बाहेरच्या हवेएवढाच. या क्षणी वायूचं आकारमान वाचतात आणि सोबत तापमान व हवेचा दाब टिपतात.

हायड्रोजन ज्वालाग्राही असल्याने जवळपास दिवा किंवा शेगडी पेटती नसावी. आम्ल हाताळताना चष्मा हवा आणि हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीतच करावा.

हिशेब कसा मांडायचा?

समजा, मांडव्यासारख्या समुद्रसपाटीच्या ठिकाणी ०.०३६५ ग्रॅम मॅग्नेशिअम घेतलं. ३०° सेल्सिअसला ३९.० मिलिलिटर वायू जमला. हवेचा दाब ७६० मिलिमीटर.

पहिली पायरी पाण्याच्या वाफेची. नळीत फक्त हायड्रोजन नाही, पाण्याची वाफही आहे. ३०° सेल्सिअसला तिचा दाब ३१.८ मिलिमीटर असतो. तो वजा केला की कोरड्या हायड्रोजनचा दाब मिळतो: ७६० − ३१.८ = ७२८.२ मिलिमीटर.

दुसरी पायरी आकारमानाची. हा वायू ०° सेल्सिअस आणि ७६० मिलिमीटरला किती जागा घेईल? ३९.० × (७२८.२ ÷ ७६०) × (२७३.१५ ÷ ३०३.१५) = ३३.६७ मिलिलिटर.

तिसरी पायरी गुणोत्तराची. ३३.६७ मिलिलिटर हायड्रोजन सोडायला ०.०३६५ ग्रॅम धातू लागला, तर ११,२०७ मिलिलिटरला किती? ०.०३६५ × ११,२०७ ÷ ३३.६७ = १२.१५.

आलेला हा १२.१५ म्हणजे मॅग्नेशिअमचं तुल्य वस्तुमान. १.००८ ग्रॅम हायड्रोजन बाहेर काढायला धातूचे किती ग्रॅम लागतात, ते हा आकडा सांगतो. पण तक्त्यात तर २४.३०५ दिलं आहे! हा फरक का, ते पुढे बघू. त्याआधी प्रयोगात सर्वाधिक गफलत कुठे होते, ते पाहायला हवं.

हाच प्रयोग मांडव्यात आणि पुण्यात केला तर?

या प्रयोगाची अनेक परदेशी वर्णनं थंड प्रदेशातली असतात. तिथे खोलीचं तापमान २०° सेल्सिअसच्या आसपास. तेवढ्या तापमानाला पाण्याच्या वाफेचा दाब १७.५ मिलिमीटर असतो. कोकणात ३०° सेल्सिअसला तो जवळपास दुप्पट. त्यामुळे वाफेची दुरुस्ती विसरणं कोकणात जास्त महागात पडतं. वरच्याच आकड्यांत ती विसरलो, तर अंतिम उत्तर २४.३ ऐवजी २३.३ येतं. तापमानाची दुरुस्ती विसरलो, तर थेट २१.९.

इथे एक गैरसमज होतो. बाहेरची हवा कोरडी आहे की दमट, याचा इथे संबंध नाही. नळीतला वायू पाण्यावरच जमलेला असतो, त्यामुळे तो मे महिन्यातही वाफेने भरलेलाच असतो.

दुसरा मुद्दा दाबाचा. मांडवा समुद्रसपाटीला असल्याने तिथला दाब ७६० मिलिमीटरच्या आसपास असतो. पावसाळ्यात कमी दाबाचे पट्टे आले की तो काही मिलिमीटरने उतरतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. तिथे हवेचा दाब ७१२ मिलिमीटरच्या घरात असतो. पुण्यातल्या विद्यार्थ्याने प्रयोग अगदी चोख केला, पण हिशेबात ७६० लिहिलं, तर त्याला २४.३ ऐवजी २२.७ मिळेल.

मोबाइलवरच्या हवामान ॲपनेही फसगत होऊ शकते. ॲप सहसा समुद्रसपाटीला आणून दुरुस्त केलेला दाब दाखवतं, त्या जागेचा प्रत्यक्ष दाब नाही. मांडव्यात दोन्ही आकडे जवळपास सारखेच. पुण्यात किंवा महाबळेश्वरात त्यांत मोठा फरक असतो. म्हणून शक्य तिथे प्रयोगशाळेतलाच वायुदाबमापक वाचावा.

तिसरी चूक फीत न घासण्याची. ०.०३६५ ग्रॅमच्या तुकड्यात अर्धा मिलिग्रॅम ऑक्साइड असला, तरी उत्तर २४.६ पर्यंत चढतं. ऑक्साइड वजनात भर घालतो, पण हायड्रोजन सोडत नाही. तराजू मिलिग्रॅमपर्यंतच वाचत असेल, तर तेवढीच अनिश्चितता तिथूनही येते. त्यामुळे शाळेतल्या प्रयोगात २४ ते २४.६ च्या दरम्यान उत्तर आलं, तर ते चांगलं मानायला हरकत नाही. हुबेहूब २४.३०५ आलं, तर मात्र वहीत आधी उत्तर आणि मग निरीक्षणं लिहिली गेली असण्याची शक्यता जास्त.

मग १२.१५ खरं की २४.३?

प्रयोगाने फक्त एवढं सांगितलं की, हायड्रोजनच्या एका अणूमागे मॅग्नेशिअमचा १२.१५ इतका भाग येतो. मॅग्नेशिअमचा एक अणू हायड्रोजनचा एकच अणू सोडत असेल, तर अणुवस्तुमान १२.१५. दोन सोडत असेल, तर २४.३. तीन असतील, तर ३६.४५.

या एक, दोन, तीनला संयुजा म्हणतात. सूत्र सोपं आहे: अणुवस्तुमान = तुल्य वस्तुमान × संयुजा. पण नळीतले बुडबुडे कितीही काळजीपूर्वक मोजले, तरी त्यांतून संयुजा कळत नाही. ती दुसऱ्या कुठल्या तरी पुराव्याने ठरवावी लागते.

बोटीच्या ठोकळ्याचा हिशेब खरं तर नुसत्या तुल्य वस्तुमानावरही भागतो. जस्ताचं तुल्य वस्तुमान ३२.७, ॲल्युमिनिअमचं ९.० आणि किती ग्रॅममागे किती वीज, एवढं त्यातून निघतं. पण मूलद्रव्यांना क्रमाने लावायचं असेल, एखाद्या संयुगाचं सूत्र लिहायचं असेल, तर तेवढं पुरत नाही.

लोखंड तर आणखीच गोंधळ घालतं. ते आम्लात विरघळताना त्याचं तुल्य वस्तुमान २७.९ येतं. पण त्याच लोखंडाच्या तांबड्या ऑक्साइडवरून मोजलं, तर १८.६. एकाच धातूचे दोन आकडे! कारण पहिल्यात त्याची संयुजा दोन आहे, दुसऱ्यात तीन. २७.९ × २ आणि १८.६ × ३, दोन्हींचं उत्तर ५५.८ च्या आसपासच येतं.

ही कोंडी फुटली कशी?

पहिला मोठा आधार १८१९ मध्ये मिळाला. फ्रान्समधल्या पिअर लुई ड्युलाँ आणि अलेक्सी पेटी यांना दिसलं की, घन धातूची विशिष्ट उष्मा आणि त्याचं अणुवस्तुमान यांचा गुणाकार जवळपास स्थिर असतो. आजच्या एककांत तो सुमारे २५ येतो. म्हणजे धातूचा एक ग्रॅम एक अंशाने तापवायला किती ज्यूल लागतात हे मोजा, २५ ला त्या आकड्याने भागा, अंदाजे अणुवस्तुमान हाती येतं.

मॅग्नेशिअमची विशिष्ट उष्मा १.०२. २५ ÷ १.०२ = २४.५. हा आकडा काटेकोर नाही, पण तसा असायची गरजही नाही. १२, २४ आणि ३६ यांतलं खरं कोणतं, एवढंच त्याने सांगायचं आहे. उत्तर २४, म्हणून संयुजा दोन. मग अचूक अणुवस्तुमान १२.१५ × २ = २४.३०. जस्ताची विशिष्ट उष्मा ०.३९. त्यावरून ६४ येतं आणि ३२.७ ची दुप्पट ६५.४ पक्की होते.

हा भागही शाळेत करता येतो. धातूचा तुकडा उकळत्या पाण्यात तापवून मोजलेल्या थंड पाण्यात टाकायचा आणि पाणी किती अंशांनी तापलं ते पाहायचं. ढोबळ तराजू आणि ढोबळ तापमापकही चालतात. म्हणजे अचूक पण अर्धवट माहिती देणारं एक मोजमाप आणि ढोबळ पण दिशा दाखवणारं दुसरं. दोन्ही मिळून उत्तर पूर्ण होतं.

तरीही वाद लगेच मिटला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वेगवेगळे शास्त्रज्ञ वेगवेगळे अणुभार वापरत होते. पाण्याचं सूत्र कसं लिहायचं, यावरही एकमत नव्हतं. सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूअ इथे युरोपातले रसायनशास्त्रज्ञ यावर बोलायला जमले. इटलीच्या स्तानिस्लाओ कानिझारो यांनी तिथे वायूंच्या घनतेवरून अणुभार ठरवायची सुसंगत पद्धत मांडली. त्यांची पुस्तिका परिषदेच्या शेवटी वाटली गेली. ऐकणाऱ्यांमध्ये एक तरुण रशियन होता, दिमित्री मेंडेलीव्ह.

हे वाद मिटल्यानंतरच्या पिढीत कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले बाळाजी प्रभाकर मोडक यांनी रसायनशास्त्रावर मराठीतून पुस्तकं लिहिली.

संयुजा चुकली तर काय बिघडतं?

मेंडेलीव्हने १८६९ मध्ये मूलद्रव्यं अणुभाराच्या क्रमाने लावली आणि आवर्तसारणी तयार झाली. पण काही धातू कुठेच नीट बसेनात. त्याने आपली सारणी बदलण्याऐवजी त्या धातूंची संयुजाच चुकली असावी, असं म्हटलं.

• बेरिलिअम: तुल्य वस्तुमान सुमारे ४.५. संयुजा तीन धरल्याने अणुभार १३.५ मानला जाई. मेंडेलीव्हने संयुजा दोन धरून ९ सांगितला.

• इंडिअम: तुल्य वस्तुमान सुमारे ३८. संयुजा दोन धरून ७६ मानलं जाई. मेंडेलीव्हच्या मते तीन, म्हणजे ११४ च्या जवळ. १८७० मध्ये रॉबर्ट बुन्सेनने मोजलेल्या विशिष्ट उष्मेनेही तेच सांगितलं.

• युरेनिअम: १२० मानलं जाई. मेंडेलीव्हने ते दुप्पट करून २४० केलं. आजचा आकडा २३८.०३.

तिन्ही ठिकाणी प्रयोगातलं वजन जवळपास बरोबर होतं. कशाने गुणायचं, तेच चुकलं होतं. युरेनिअम १२० वरच राहिलं असतं, तर ते कथिलाच्या शेजारी अडकून पडलं असतं. सर्वांत जड मूलद्रव्यांपैकी ते एक आहे, हे सारणीत दिसलंच नसतं.

बेरिलिअमचा वाद सर्वांत चिवट ठरला, कारण तिथे ड्युलाँ-पेटी यांच्या नियमानेच दगा दिला. बेरिलिअमची साध्या तापमानाची विशिष्ट उष्मा १.८ च्या पुढे आहे. त्यावरून उत्तर १३.७ च्या आसपास येतं, म्हणजे चुकीच्या बाजूला कौल! शेवटी १८८४ मध्ये स्वीडनच्या लार्स निल्सन आणि ओटो पेटरसन यांनी बेरिलिअम क्लोराइडच्या वाफेची घनता मोजली आणि मेंडेलीव्हचा ९ खरा ठरला. हलक्या अणूंच्या कठीण धातूंत हा नियम साध्या तापमानाला का मोडतो, याचं कारण १९०७ मध्ये आल्बर्ट आइनस्टाइनच्या पुंज सिद्धांतावर आधारलेल्या मांडणीतून मिळालं.

एकाच धातूचं अणुवस्तुमान जागेनुसार बदलू शकतं?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वजनाची अचूकता कळसाला पोहोचली होती. अमेरिकेतल्या थिओडोर रिचर्ड्स यांना अनेक मूलद्रव्यांचे अणुभार अचूक मोजल्याबद्दल १९१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी त्यांनी युरेनिअमच्या खनिजांतून निघालेलं शिसं तोललं. ते साध्या शिशापेक्षा हलकं निघालं. थोरिअमच्या खनिजातलं शिसं मात्र साध्या शिशापेक्षा जड असल्याचं ब्रिटनमध्ये फ्रेडरिक सॉडी यांना आढळलं.

रासायनिक गुणधर्म अगदी सारखे, पण वस्तुमान वेगळं. याचा अर्थ एकाच मूलद्रव्याचे सगळे अणू सारख्या वजनाचे नसतात. अशा अणूंना समस्थानिक म्हणतात. थोड्याच वर्षांत फ्रान्सिस ॲस्टन यांच्या वर्णपटलेखकाने अनेक मूलद्रव्यांचे समस्थानिक वेगळे करून दाखवले. मॅग्नेशिअमचे तीन समस्थानिक आर्थर डेम्प्स्टर यांनी १९२० च्या सुमारास ओळखले: २४, २५ आणि २६.

निसर्गात त्यांचं प्रमाण अनुक्रमे सुमारे ७९, १० आणि ११ टक्के आहे. त्यांच्या वस्तुमानांची याच प्रमाणात सरासरी काढली की २४.३०५ येतं. म्हणजे नळीतल्या बुडबुड्यांवरून काढलेला आकडा ही सरासरी असते. २४.३०५ एवढं वस्तुमान असलेला मॅग्नेशिअमचा एकही अणू अस्तित्वात नाही.

आता हे मोजमाप कसं होतं?

आज अणुवस्तुमान ठरवायला बुडबुडे मोजत नाहीत. धातूचे अणू आयन करून विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रातून सोडतात. हलके आयन जास्त वळतात, जड आयन कमी. कोणत्या वाटेने किती आयन आले हे मोजलं की समस्थानिकांचं प्रमाण कळतं. या यंत्राला वस्तुमान वर्णपटमापक म्हणतात.

मांडव्याच्या उत्तरेला, मुंबई बंदराच्या आतल्या बाजूला असलेल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ही यंत्रं वापरात आहेत आणि तिथल्या शास्त्रज्ञांनी ती स्वतः बनवलीही आहेत. अणुइंधनाच्या कामात त्यांच्यावाचून चालत नाही. निसर्गातल्या युरेनिअममध्ये युरेनिअम-२३५ चं प्रमाण सुमारे ०.७२ टक्के असतं. ते वाढवलं तर युरेनिअमची सरासरी हलकी होते, काढून घेतलं तर जड. त्यामुळे अणुभट्टीतल्या इंधनाच्या नमुन्यासाठी आवर्तसारणीतला आकडा डोळे मिटून वापरता येत नाही. त्या नमुन्याचं अणुवस्तुमान मोजूनच ठरवावं लागतं.

बाजारात मिळणाऱ्या लिथिअमचंही असंच. त्यातला लिथिअम-६ अणुकार्यक्रमांसाठी काढून घेतलेला असू शकतो. मग बाटलीतलं लिथिअम आणि खाणीतलं लिथिअम यांची अणुवस्तुमानं जुळत नाहीत.

मग आवर्तसारणीतला आकडा अंतिम असतो का?

नाही. शुद्ध आणि उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाचा एक आयोग हे आकडे वेळोवेळी तपासतो. जस्ताचं उदाहरण घ्या. २००१ मध्ये त्याचं मान ६५.४०९ ठरलं, २००७ मध्ये नव्या मोजमापांनंतर ते ६५.३८ झालं.

काही मूलद्रव्यांसाठी तर आता एकच आकडा दिला जात नाही. मॅग्नेशिअमसाठी २४.३०४ ते २४.३०७ असा पल्ला आहे. शिशासाठी तो २०६.१४ ते २०७.९४ इतका मोठा. कारण शिसं कुठल्या खडकातून आलं, त्यावर त्याची सरासरी अवलंबून असते.

विद्यार्थ्यांनी कोणता आकडा लिहायचा?

परीक्षेत आणि रोजच्या हिशेबात पाठ्यपुस्तकातला आकडाच वापरावा: मॅग्नेशिअम २४.३, जस्त ६५.४, शिसं २०७. प्रयोगाच्या वहीत मात्र स्वतःचंच उत्तर लिहावं, तराजू आणि नळी जेवढी अचूक वाचता येते तेवढ्याच दशांशांपर्यंत.

आणि उत्तराशेजारी तीन गोष्टी न विसरता नोंदवाव्यात: त्या दिवसाचं तापमान, त्या जागेचा प्रत्यक्ष दाब आणि संयुजा कोणत्या पुराव्याने ठरवली ते. पहिल्या दोन नोंदी असतील, तर हिशेबात राहिलेली चूक नंतरही दुरुस्त करता येते. तिसरी नोंद नसेल, तर वजन कितीही अचूक असलं, तरी उत्तर निम्मं आहे, बरोबर आहे की दीडपट, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग राहत नाही.